चूकभूल द्यावी घ्यावी

मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने संगणकाची भाषा कशाला शिकावी, हा प्रश्न मला घरात, एस. टी. स्टँडवर आणि एकदा तर दातांच्या दवाखान्यात तोंड उघडे असतानाही विचारला गेला आहे. उत्तर काही फार भव्य नाही. गेल्या वर्षी आमच्या विभागाने आसपासच्या गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायचे ठरवले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या कामाविषयी सर वर्गात बोलले होते. आपणही आपल्या पंचक्रोशीपुरते काहीतरी करावे असे सर्वांच्या मनात आले. दिवाळीच्या सुटीत आम्ही गावोगाव हिंडलो आणि २१२ बायांच्या ओव्या टंकून काढल्या. प्रत्येक बाईची एक फाइल. मग सर म्हणाले, "आता याची शब्दसूची हवी. कोणता शब्द, किती वेळा, कुणाच्या तोंडी." हाताने करायचे तर आमच्या पुढच्या दोन तुकड्या पदवी घेऊन गेल्या असत्या तरी ते झाले नसते.

माझा मावसभाऊ पुण्याला संगणकाच्या कामात आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "पर्ल शीक. शब्द चिरायला, निवडायला, मोजायला तिच्यासारखी विळी नाही." पुढे त्याने असेही सांगितले की ही भाषा १९८७ साली ज्याने तयार केली, तो लॅरी वॉल भाषाविज्ञान शिकलेला माणूस. लिपी नसलेल्या एखाद्या भाषेला लिपी करून द्यावी, असा त्याचा आणि त्याच्या बायकोचा मूळ बेत होता. तो बेत राहिला आणि जगाला पर्ल मिळाली. हे ऐकल्यावर माझी भीती निम्मी झाली. म्हटले, हा तर आपल्याच आळीतला माणूस! एकच गोष्ट करण्याचे अनेक मार्ग असावेत, हे या भाषेचे ब्रीद आहे, आणि चांगल्या प्रोग्रॅमरचे तीन गुण म्हणून लॅरी वॉलने आळस, उतावीळपणा आणि अहंकार यांची नावे घेतली आहेत. हे तिन्ही गुण माझ्या अंगी मुळातच होते, त्यामुळे प्रगती झपाट्याने झाली.

तीन महिन्यांत मी एक मॉड्यूल लिहिले. मॉड्यूल म्हणजे एकाने करून ठेवलेले आणि चौघांनी वापरायचे काम. एखाद्या घरची भाजणी चांगली असते, मग शेजारणी ती नेतात आणि आपापली थालिपिठे लावतात, तसे. माझे मॉड्यूल फाइल उघडी, तिच्यातल्या ओव्या एकेक करून वेगळ्या काढी आणि हातात देई. त्यावर माझ्या एका मैत्रिणीने शब्द मोजण्याचा प्रोग्रॅम लिहिला, आणि वर्गातल्या एका मुलाने गायिकांचा तक्ता करण्याचा. दोघांनीही माझे मॉड्यूल आतून कसे आहे ते पाहिले नाही. पाहायचे नसतेच. भाजणीत काय काय घातले हे कोणी विचारत नाही. पण खडा राहिला तर तो खाणाऱ्याच्या दाताखाली येतो.

फेब्रुवारीत पुस्तिका तयार झाली. झेरॉक्सच्या दुकानात साठ प्रती काढून स्पायरल बांधणी केली. विभागात छोटासा कार्यक्रम ठेवला. ज्या बायांनी ओव्या सांगितल्या त्यांतल्या काही आल्या, काहींची मुले-सुना आली. सर बोलले, टाळ्या झाल्या, चहा झाला. मी एका कोपऱ्यात उभी राहून, आपण फार काही केले आहे असे तोंड करून प्रती वाटत होते. तेवढ्यात त्याच मैत्रिणीचे वडील माझ्यापाशी आले. त्यांच्या हातात पुस्तिका उघडी होती, शेवटून दुसरे पान. त्यांच्या आईचे, म्हणजे मैत्रिणीच्या आजीचे नाव त्या तक्त्यात होते. गाव बरोबर होते. आणि पुढच्या रकान्यात लिहिले होते : ओव्या – ०.

आजी जानेवारीत गेल्या होत्या. आम्ही दिवाळीत त्यांच्या पडवीत बसून त्यांच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. मधे दम लागला की त्या थांबत आणि "लिवलंस का गं?" असे विचारत. काका रागावले नाहीत. त्यांनी बोट त्या शून्यावर ठेवले आणि म्हणाले, "बाई, हिनं तर लई सांगितल्या होत्या. तू होतीस ना तिथं?"

मी होते.

त्या पानावर तशी एकोणीस शून्ये होती. सगळी एकाच गावची. तक्ता छापण्यापूर्वी मी आणि सरांनी पहिली चार पाने नजरेखालून घातली होती. शेवटची पाने कोण पाहतो? त्या रात्री मी वसतिगृहात न जाता संगणक-खोलीतच बसले. पहारेकरी काकांनी दोनदा येऊन पाहिले आणि तिसऱ्यांदा चहा आणून दिला.

चूक सापडायला अडीच तास लागले आणि सापडली तेव्हा ती एका अन्वयाची चूक निघाली. प्रोग्रॅमला आपण सांगतो, "फाइल उघड, नाहीतर ओरड." पर्लमध्ये ओरडण्याला ‘डाय’ म्हणतात, म्हणजे सरळ ‘मर’. उघडता आली नाही तर तिथेच मरायचे आणि मरताना कारण सांगायचे. मधल्या ‘नाहीतर’साठी पर्लमध्ये दोन चिन्हे आहेत. एक म्हणजे ‘ऑर’ हा शब्द, दुसरे म्हणजे दोन उभ्या रेघा, आपल्या श्लोकाच्या शेवटी असतात तशा. अर्थ एकच, पण बांधणी वेगळी. ‘ऑर’ सैल असतो, तो अख्ख्या वाक्याला लागू होतो. दोन रेघा घट्ट असतात, त्या शेजारच्या शब्दालाच चिकटतात. मी ज्या नमुन्यावरून ओळ उतरवली त्यात रेघाच होत्या, पण तिथे कंस होते. कंस मला गबाळे वाटले म्हणून मी ते काढून टाकले. (तिसरा गुण : अहंकार.) कंस गेल्यावर वाक्याचा अर्थ झाला : "उघड – फाइलीचे नाव, आणि नावच नसेल तर मर." नाव तर नेहमीच असायचे. म्हणून ते कधीच मेले नाही. उघडली नाही तरी पुढे जाऊन न उघडलेल्या फाइलीतून वाचायला लागले, काहीच मिळाले नाही, आणि ‘काहीच नाही’ हे उत्तर त्याने निमूटपणे तक्त्याकडे पाठवले. तक्त्याने त्याचे शून्य केले.

आता कोणी विचारील की पर्ल इतकी मुकी आहे का? नाही. प्रोग्रॅमच्या डोक्यावर ‘यूझ वॉर्निंग्ज’ अशी एक ओळ लिहिली की बंद फाइलीतून वाचायला गेल्याबद्दल ती सावध करते. ती ओळ मी लिहिली होती आणि नंतर पुसलीही होती, कारण ‘अमुक ठिकाणी रिकामी किंमत वापरली’ अशा सूचनांनी पडदा भरून जाई आणि मला त्याचा कंटाळा येई. कुत्रे फार भुंकते म्हणून ते सोडून द्यावे, आणि मग चोर आला तेव्हा कुत्रे का भुंकले नाही म्हणून विचारावे, अशातला तो प्रकार. पर्लच्या ५.३६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, वरती तेवढा आवृत्तीचा आकडा घातला तरी या सूचना आपोआप सुरू होतात. आमच्या संगणक-खोलीत ५.३४ आहे.

पण त्या फाइली उघडत का नव्हत्या? मी रेघा काढून ‘ऑर’ घातला आणि प्रोग्रॅम चालवला. तो मेला आणि मरताना त्याने जे वाक्य छापले ते भलतेच होते. फाइलीच्या नावाभोवती मी अवतरणचिन्हे घातली होती. त्यांतले शेवटचे चिन्ह ओळीच्या अगदी सुरुवातीला येऊन बसले होते आणि वाक्याचा उत्तरार्ध पूर्वार्धावर छापला गेला होता. प्रथम वाटले झोपेने डोळे फिरले. मग उलगडा झाला. त्या गावच्या १९ बायांची यादी मैत्रिणीने घरच्या विंडोजच्या संगणकावर टंकून शेवटी जोडली होती. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक चिन्ह जास्तीचे ठेवते. जुन्या टाइपरायटरचा गाडा ओळीच्या सुरुवातीला परत आणायचे ते चिन्ह. ते डोळ्यांना दिसत नाही. यादीतला शेवटचा रकाना फाइलीच्या नावाचा, म्हणून ते नावाला चिकटले. त्या नावाची फाइल जगात नव्हती. चूक मैत्रिणीची मुळीच नाही. असले चिन्ह कुठून ना कुठून येणारच. ते आले तेव्हा माझ्या मॉड्यूलने तोंड उघडले नाही, हे खरे दुखणे.

सकाळी दादाला फोन केला. मला वाटले तो रागावेल. त्याने फक्त विचारले, "शून्य ओव्या आणि न वाचलेल्या ओव्या, या दोन्हींना तुझं मॉड्यूल एकच उत्तर देत होतं?" हो. देत होते. एखाद्या बाईने खरोखरच काही सांगितले नसते तर तिथेही रिकामी यादी आणि शून्यच आले असते. ‘पाहिले, काही नव्हते’ आणि ‘पाहता आले नाही’ यांत केवढे अंतर आहे! इतिहासाच्या वर्गात आम्हाला कागद नसणे म्हणजे घटना नसणे नव्हे असे दहादा सांगितलेले. पण प्रोग्रॅम लिहिताना मी ते ज्ञान वर्गातच ठेवून आले होते.

त्यानंतरचा महिना मी एकाच प्रश्नावर घालवला : मॉड्यूलला अडचण आली तर त्याने काय करावे? पडद्यावर सूचना छापून पुढे जावे, हा एक मार्ग. पण पडद्यापुढे कोणी बसलेले असेलच असे नाही. आमचा तक्ता रात्री चाले. सगळा प्रोग्रॅमच बंद करून टाकावा, हा दुसरा. तो तर उद्धटपणा. पाहुण्याला भाजी आवडली नाही म्हणून त्याने यजमानाची चूल विझवू नये. खोटे किंवा रिकामे उत्तर द्यावे आणि ज्याने मागितले त्याने तपासून घ्यावे, हा तिसरा, आणि पर्लच्या जुन्या लोकांत तो चालत आला आहे. पण तपासायचे राहते हो. मी स्वतःच तपासले नाही, तर माझे मॉड्यूल वापरणाऱ्या बिचाऱ्यांना काय सांगू? चौथा मार्ग म्हणजे ‘डाय’. यात एक खुबी आहे, जी मला आधी कळली नव्हती. मॉड्यूल मेले तरी प्रोग्रॅम मेलाच पाहिजे असे नाही. वापरणाऱ्याने आपले काम ‘इव्हॅल’ नावाच्या वेटोळ्यात ठेवले असेल तर मरणाचे वाक्य त्याच्या हातात येऊन पडते, आणि पुढे काय करायचे ते तो ठरवतो. फाइल का उघडली नाही हे मॉड्यूलला माहीत असते. त्यावाचून चालेल की नाही हे वापरणाऱ्यालाच माहीत असते. जुन्या वाण्याच्या बिलाखाली ‘चू. भू. द्या. घ्या.’ असे छापलेले असे. लहानपणी मला ते नुसते शोभेचे अक्षर वाटे. इथे खरोखरच एकाने चूक द्यायची असते आणि दुसऱ्याने ती घ्यायची असते.

तक्तेवाल्या मुलाला हे पटायला वेळ लागला. "एका फाइलीसाठी चाळिसाव्या बाईवर सगळं थांबवायचं का?" असे म्हणून तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग त्याने आपल्या फेऱ्याभोवती ‘इव्हॅल’ घातले आणि सगळे सुरळीत झाले असे जाहीर केले. झाले कसले! त्याने मरणाचे वाक्य हातात घेतले आणि न वाचता टाकून दिले. पुन्हा शून्येच आली. फरक इतकाच, की आधी मी गप्प होते, आता तो. शेवटी आम्ही दोघांनी बसून ठरवले : न वाचलेल्या फाइलीपुढे शून्य नाही, ‘वाचता आली नाही’ असे अक्षरांत छापायचे, आणि सर्वांत शेवटी नव्हे, सर्वांत वर अशांची यादी द्यायची.

या सगळ्यात करमणूकही झाली. पर्लमध्ये ‘कार्प’ नावाचे एक मॉड्यूल आहे. त्यात तक्रारीचे चार प्रकार आहेत : कार्प म्हणजे कुरकुर, क्रोक म्हणजे बेडकाचे ओरडणे (आणि इंग्रजी बोलीत मरणेही), क्लक म्हणजे कोंबडीचा आवाज, आणि कन्फेस म्हणजे कबुलीजबाब. ही नावे ठेवणारा माणूस नक्कीच कला शाखेचा असणार. ‘क्रोक’ मला फार आवडले. साधे ‘डाय’ वापरले तर चूक मॉड्यूलच्या कितव्या ओळीत झाली ते कळते, पण मॉड्यूल वापरणाऱ्याला त्या ओळीचे काय करायचे? ‘क्रोक’ मात्र ज्याने मॉड्यूलला हाक मारली त्याची ओळ सांगते. म्हणजे, "बाबा रे, तू अमक्या ठिकाणी मला नसलेल्या फाइलीचे नाव दिलेस." दुसरीकडे ‘कन्फेस’ अगदी आजोळापासूनची वंशावळ सांगत बसते. चूक शोधताना ती लागते. एरवी कोणाला ऐकवू नये.

एक फजिती सांगण्यासारखी आहे. माझ्या मॉड्यूलच्या निरोपात मी ‘फाईल’ असे दीर्घ लिहिले होते. सरांनी ते पाहिले आणि "मराठी विभागातून निघणारा निरोप तरी शुद्ध असावा" म्हणून ‘फाइल’ करायला लावले. मी केले. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचा प्रोग्रॅम कोसळला. फाइल सापडली नाही की फाइलीतले लेखन बिघडलेले आहे, हे ती माझ्या वाक्यातला ‘फाईल’ हा शब्द जुळवून ठरवत होती! एका वेलांटीने घात केला. तेव्हा कळले की माणसासाठी लिहिलेले वाक्य यंत्राने वाचून निर्णय घेणे बरे नव्हे. ‘डाय’ करताना नुसते वाक्य न देता एक वस्तू देता येते. तिच्यात चुकीचा प्रकार, फाइलीचे नाव आणि कारण असे वेगवेगळे कप्पे करता येतात. ही सोय पर्लमध्ये १९९८ पासून आहे, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून. वाक्य मग हवे तेवढे शुद्ध करावे.

‘लेखन बिघडलेले’ हा प्रकारही अनुभवाने आला. काही ओव्या एका गृहस्थांनी जुन्या फाँटात टंकून दिल्या होत्या. पर्ल अशा बाइटांचे युनिकोडमध्ये रूपांतर करते तेव्हा जे कळत नाही तिथे, आपण वेगळे सांगितले नाही तर, चौकटीतले प्रश्नचिन्ह ठेवून मोकळी होते. आमच्या सूचीत ते प्रश्नचिन्ह हाही एक शब्द म्हणून मोजला गेला होता, आणि चांगला वरच्या क्रमांकावर होता! रूपांतर करतानाच ‘न कळल्यास क्रोक कर’ असे सांगता येते. आता तसे सांगते.

दादा म्हणतो की एवढा खटाटोप करायची गरजच नव्हती. ‘ऑटोडाय’ नावाचे मॉड्यूल २००९ पासून पर्लबरोबरच येते. ते वर लिहिले की ‘ओपन’ फसल्यावर आपोआप मरते, ‘नाहीतर’ विसरण्याचा प्रश्नच नाही. ‘इव्हॅल’च्या आडवळणांना कंटाळलेल्यांसाठी ‘ट्राय-कॅच’ २०२१ च्या ५.३४ मध्ये प्रयोगादाखल आले आणि २०२४ च्या ५.४० मध्ये पक्के झाले. हे सर्व खरे आहे. आधी कळले असते तर बरे झाले असते, हेही खरे.

सर या साऱ्याला ‘अपवाद’ म्हणायला तयार नाहीत. एक्सेप्शनचे मराठी अपवाद, असे मी म्हटले तेव्हा त्यांनी मान हलवली. पाणिनीकडे आधी उत्सर्ग, म्हणजे सर्वसामान्य नियम, आणि त्याला अडवणारा अपवाद. पण तो अपवादही नियमच असतो, तोही शब्द सिद्ध करतो. "तुझ्या इथे तर काम सिद्धच झालं नाही. ही असिद्धी आहे." मला सरांचे पटले, पण ‘असिद्धी’ म्हणून मी दादाला काही सांगू गेले तर तो फोन ठेवील.

असो. मार्चमध्ये आम्ही शुद्धिपत्र काढले. शेवटची चार पाने नवी छापली आणि मिळतील तेवढ्या प्रतींत चिकटवली. मैत्रिणीच्या गावची प्रत घेऊन मी स्वतः गेले. काका अंगणात तुरी पाखडत होते. हात पुसून त्यांनी पान उघडले, आईचे नाव काढले. पुढे ४३ असा आकडा होता. त्यांनी आतून एक शंभर पानी वही आणली. आजीने सांगितलेल्या ओव्या त्यांच्या धाकट्या मुलाने त्याच दिवशी आमच्याबरोबर बसून वहीतही उतरवल्या होत्या, हे मला माहीत नव्हते. काकांनी बोटाने एकेक ओवी मोजली. मी पायरीवर बसून पाणी प्यायले.

"चव्वेचाळीस हायेत," ते म्हणाले.

परत आल्यावर मी ती फाइल उघडून पाहिली. माझे मॉड्यूल दोन ओव्यांमधल्या कोऱ्या ओळीवरून ओव्या वेगळ्या करते. एकतिसावी आणि बत्तिसावी यांच्यामधली कोरी ओळ टंकताना राहून गेली होती. ती फाइल मीच टंकली होती.